पाठ परदेशात, पावतीबुक पेठेत

शिक्षक व्हायचं तर पैसे लागतात, हे वऱ्हाडात कोणी कोणाला समजावून सांगत नाही. पोरगं बी.एड.ला गेलं की बाप वावराकडे पाहतो, मामा संस्थेच्या अध्यक्षाकडे पाहतो आणि आई देव्हाऱ्याकडे. किती एकरांत किती टक्के अनुदान बसतं, हा हिशेब पानठेल्यावर कापसाच्या भावाआधी ठाऊक असतो. म्हणून अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका छात्राध्यापकानं जेव्हा जाहीर केलं की मला परदेशातल्या शाळेत शिकवायला जायचं आहे आणि त्यासाठी गावानं वर्गणी द्यावी, तेव्हा पैशाच्या गोष्टीनं कोणी दचकलं नाही. दचकले ते पुढच्या वाक्यानं. यात नोकरी लागणार नव्हती.

"म्हंजे थ्या शाळेत शिकवनार तू?" पानठेल्यावरच्या काकांनी विचारलं.

"हो काका. महिनाभर."

"अन् पगार?"

"पगार नाही. उलट तिकीट आपलं, राहणं-खाणं आपलं, आणि पाठवणाऱ्या संस्थेची फी वेगळी."

"शिकवनार तू, अन् पैसे बी तूच भरनार?"

"हो."

"मंग काहून उगाच इमानात बसतं बाप्पा? अशी संस्था त आपल्या इकडं बी भेटते."

पोरगा हिरमुसला नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले वीस आठवडे छात्राध्यापकानं शाळेत काढायचे असतात. त्या वीस आठवड्यांत माणसाची कातडी जाड होते. टाचण काढायचं, थर्माकोलवर सूर्यमाला चिकटवायची, निरीक्षक सर मागच्या बाकावर येऊन बसले की पोरांकडून आधीच पाठ करून घेतलेली उत्तरं काढायची. इतर वेळी शाळेचे गुरुजी ऑनलाइन माहिती भरत असतात, म्हणून त्यांचेही तास घ्यायचे. वर्ग असा सुरू राहतो आणि मूल्यमापनात 'अध्यापन कौशल्य : चांगले' असा शेरा मिळतो.

देश कोणता, हा खरा प्रश्न नंतर आला. पोरगा म्हणाला, टांझानिया. पानठेल्यावर एकदम शांतता पसरली.

"अमेरिका असती त पाचशे देले असते," एकजण म्हणाला. "टांझानियाले शंभर."

"गांधीजी बी आफ्रिकेतच गेले होते ना?"

"ते वकील होते, भाऊ. फी घेत होते."

वर्गणी दात्याच्या श्रद्धेवर नाही, देशाच्या भूगोलावर ठरते, हा धडा छात्राध्यापकाला कोणत्याही अभ्यासक्रमाविना तिथंच मिळाला. एका दात्यानं तर हजाराची पावती फाडली आणि सोबत अट घातली की न्यू जर्सीतल्या त्यांच्या पुतण्याला पाच किलो कुरडया नेऊन द्यायच्या. टांझानिया आणि न्यू जर्सी यांच्यात एक आख्खा महासागर आहे, हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "रस्त्यातच असन ना!"

मग रीतसर समिती झाली. पहिल्या सभेत फ्लेक्सचं डिझाइन मंजूर झालं, पैशाचा विषय ऐनवेळच्या विषयांत गेला. फ्लेक्सवर वरच्या रांगेत महापुरुष, मधोमध साहेब, दोन्ही कडांना शुभेच्छुक, खाली 'समस्त मित्रपरिवार'. छात्राध्यापकाचा फोटो टाकायचा राहून गेला होता, तो मागाहून क्यूआर कोडच्या शेजारी बसवला. दोन्ही सारख्याच आकाराचे, त्यामुळे काहींनी पोराचा चेहराच स्कॅन करून पाहिला. देणग्यांचं म्हणाल तर जाहीर झालेल्या आकड्यात पोरगा तीनदा जाऊन आला असता, जमा झालेल्या आकड्यात टोलनाक्यापर्यंत जातो. तो नाका आमच्या गावातच आहे.

परदेशात शिकायला-शिकवायला जाण्याचं हे वेड आपल्या मुलखाला नवीन नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं आणि त्या पुस्तकाच्या पैशातून १८८३ साली विलायतेचं जहाज गाठलं. तिथं त्या स्वतः शिकत होत्या आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृतही शिकवत होत्या. आजच्या भाषेत याला छात्राध्यापक म्हणतात. पण पुस्तक विकून तिकीट काढायचं, तर आधी मराठी पुस्तक विकत घेणारा माणूस पाहिजे. आमच्या समितीनं हा मार्ग सर्वानुमते फेटाळला.

पंजाबराव देशमुखांचं उदाहरण कोणीतरी काढणारच होतं. ते पापळचे, म्हणजे नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले. नांदगाव एक असलं तरी पेठ वेगळी, पण अशा वेळी आम्ही तेवढा फरक करत नाही. १९२० साली ते विलायतेला निघाले तेव्हा वडील शामरावबापूंनी कर्ज काढलं. पुढं एडिंबरोला शिष्यवृत्ती मिळाली, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध झाला, बॅरिस्टरी झाली. परत आल्यावर १९३० साली ते मंत्री झाले आणि १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवादाचा कायदा आला. बापानं पोराच्या शिक्षणासाठी सावकाराकडे जावं आणि पोरानं शिकून सावकाराच्या वह्या तपासायला लावाव्यात! सावकार त्यानंतर विलायतेच्या शिक्षणाला हात आखडता घेऊ लागले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. आजची बँक शहाणी आहे. ती आधी विचारते, परत येऊन पगार किती?

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट तर आमच्या प्रस्तावाच्या अगदी जवळची. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेला हा आखाडा. १९३६ साली त्याची पोरं बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली आणि परक्या लोकांना कबड्डी दाखवून आली. पदकाच्या शर्यतीत नव्हती, शिकवायला आणि दाखवायला गेली होती. पुढं १९४९ साली स्वीडनलाही गेली. बर्लिनचं तर गुलामीतल्या देशाच्या एका जिल्ह्याच्या गावातून झालं. हे ऐकून समितीतल्या एका तरुण शुभेच्छुकानं विचारलं, "थ्या टायमाले फ्लेक्स कोणं लावला होता?" कोणालाच सांगता आलं नाही. त्यामुळे त्या दौऱ्याची अधिकृतता संशयास्पद ठरली.

सरकारकडे का जात नाही, असं शहरातले लोक विचारतील. गेला होता. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जणांना, तीही नामांकित विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा पीएच.डी.साठी. महिनाभर शाळेत शिकवायला जाणाऱ्यासाठी रकाना नाही. दुसरी खिडकी जर्मनीची. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. त्यांना परिचारिका हव्यात, वीजतंत्री हवेत, वाहनचालक हवेत. काम आलं शालेय शिक्षण विभागाकडे. म्हणजे शिक्षण खातं माणसं परदेशी पाठवायला निघालं, फक्त शिक्षक सोडून. पोराला खिडकीतून सुचवण्यात आलं की जड वाहनाचा परवाना काढ.

आणि पैसा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. २०२० च्या डिसेंबरात दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या स्पर्धकांना वाटून टाकले. पुढं फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली, खर्चाची चिंता नव्हती. मग अडलं कुठं? रजेच्या अर्जावर. प्रकरण शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेलं तेव्हा सुटलं. जगानं ज्याला गुरुजी म्हणून डोक्यावर घेतलं, तो आपल्या कार्यालयात अर्जदार होता. आमच्या पोराला नोकरीच नाही, त्यामुळे रजा लागत नाही. समितीनं ही त्याची जमेची बाजू म्हणून नोंदवली.

तसा परदेशाचा नांदगाव पेठेला तिटकारा नाही. इथल्या एमआयडीसीत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, हजार एकरांवर. २०२४ च्या २० सप्टेंबरला पंतप्रधानांनी वर्ध्यातून त्याची कोनशिला बसवली. इथला कापूस इथंच कापड होऊन जगात जाणार, त्यासाठी जमीन आहे, रस्ता आहे, सवलत आहे. गावातून बाहेर जाणारी वस्तू शिवलेली असेल तर सरकार पाठीशी उभं राहतं. शिकलेली असेल तर पावतीबुक छापावं लागतं.

हे सगळं झाल्यावर एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांनी पोराला तो प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता. तिकडं जाऊन शिकणार काय? पोरगा सरळ म्हणाला, "गुरुजी, ज्या मुलांची भाषा आपल्याला येत नाही त्यांना गणित कसं शिकवायचं, ते पाहाचं आहे."

मास्तर म्हणाले, "मंग धारणीले जाय ना लेका. यष्टी जाते."

मुद्दा बिनतोड होता. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू घरातलं पोर पहिलीत येतं ते घरची भाषा घेऊन, आणि पुस्तक मराठीत असतं. टांझानियात जो प्रश्न फी भरून बघायला मिळतो, तो आपल्याच जिल्ह्यात तिकिटाच्या पैशात आहे. पण मेळघाटात मास्तर जातो तो शिक्षा म्हणून, बदलीच्या यादीत नाव आलं की आजारी पडतो, आणि तिथं हौसेनं कोणी गेलं तर लोक विचारतात, कोणाशी भांडला का?

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मी धारणीले जायाले तयार आहे. पण धारणीसाठी वर्गणी देता का?"

सभेला तेवढ्यात कोरम अपुरा पडला.

मला विचाराल तर दोष पोराचा नाही. त्याला शिकवायचं आहे आणि शिकवण्याची किंमत गावात अंतरावर ठरते, हे त्यानं बरोबर ओळखलं. दोष आपला आहे. शिक्षणसेवकाला २०२३ पासून प्राथमिक शाळेत महिन्याला १६ हजार मानधन मिळतं, तीन वर्षं. त्या नोकरीसाठी २०० गुणांची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि निवड त्याच गुणांवर होते. टांझानियात शिकवल्याचे त्यात शून्य गुण आहेत. धारणीत शिकवल्याचेही शून्यच.