सुई कुणाला टोचायची?

कोल्हापुरात ताप आला तर माणूस डॉक्टरकडे जातो. सुनेची पाळी लांबली तर अख्खी गल्ली डॉक्टर होते. माझ्या भाचीला पीसीओडी निघालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात सल्ले आले: साखर सोड, गूळ खा, गूळ सोड, मेथ्या भिजव, तांबडा रस्सा बंद, पांढरा चालेल. जिल्हा गुळाचा, त्यामुळे गूळ सोडायला सांगणाऱ्या काकूंना बाकीच्यांनी जरा संशयानंच पाहिलं.

खरं तर शरीरानं वर्दी केव्हाच दिली होती. दहावीत तिची मान काळवंडली, तेव्हा वहिनीनं बेसन-लिंबू लावून ती तांब्याच्या बंबासारखी घासली. मळ असता तर निघाला असता. कारण आत होतं: रक्तात इन्सुलिन भरपूर, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं. या जादा इन्सुलिननं मान काळवंडते आणि बीजकोशात पुरुषी संप्रेरकंही वाढतात. मग हनुवटीवर केस, गालावर मुरमं, आणि स्त्रीबीज पिकायच्या आधीच अडून बसतं. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या 'गाठीं'नी घर हादरतं, त्या या अर्धवट वाढलेल्या बीजांच्या इवल्या पिशव्या. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये सात बायकांवरून हे दुखणं मांडलं. आज मूल होण्याच्या वयातल्या शंभरात दहाच्या आसपास जणींना हे असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सल्ला देणाऱ्या काकूंच्या घरातही एखादी असणारच. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. पण रोज रंकाळ्याला फेरी मारण्याचा हा उपाय फुकटातला, त्यामुळे त्याला गल्लीत किंमत नाही.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिली. सासूबाई चपापल्या, "अगं बाई, हिला साखर?" कारण तीच गोळी सासरे घेतात. आता जेवायला बसताना सासरेच हाक मारतात, "सूनबाई, आपली गोळी!" उभ्या घरात तिची बाजू घेणारा हा एकच माणूस, आणि तोही मधुमेहामुळे.

पुढची गोळी लेट्रोझोल, बीज पिकवायला. ही मूळची स्तनाच्या कर्करोगावरची. 2011 मध्ये आपल्या सरकारनं वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली; 2014 मध्ये अमेरिकेतल्या 750 बायकांवरच्या अभ्यासात त्याच कामाच्या जुन्या क्लोमिफीनपेक्षा तीच सरस ठरली; 2017 मध्ये बंदी उठली. जावईबापूंनी मोबाइलवर शोधलं आणि कर्करोगापर्यंत वाचून फोन खाली ठेवला.

तेवढ्यात कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलं. महाराष्ट्राला ते परकं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमधून ही विद्या शिकून आले. आणि आपल्या राज्यानं तर 2015 मध्ये तिच्यासाठी कायदाच केला. पण या दुखण्यावर तिची परीक्षा चीननंच घेतली. एक हजार बायका, आठवड्यातून दोनदा, तीस-तीस मिनिटं. काहींना खऱ्या सुया, काहींना नावापुरत्या; सोबत कुणाला क्लोमिफीन, कुणाला नुसती दिखाऊ गोळी. 2017 मध्ये निकाल लागला. क्लोमिफीनबरोबर खऱ्या सुया घेणाऱ्या शंभरात 29 जणींना मूल झालं, नावापुरत्या सुयांवाल्या 28 जणींना. दिखाऊ गोळीबरोबर खऱ्या सुया 14, नावापुरत्या 17. थोडक्यात, जे केलं ते गोळीनं. सुईच्या माहेरीच हा निकाल लागला, याला मला दाद द्यावीशी वाटते.

भाचीला मी हे आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "असू दे गं आत्या. तिथं अर्धा तास कोण काही विचारत नाही बघ. झोप लागते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळी चालू ठेव, एवढंच म्हटलं.

या सगळ्या गदारोळात एक तपासणी कुणाला सुचली नव्हती. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचाही वाटा असतो. त्याची चाचणी एका सकाळची, सुईसुद्धा लागत नाही; दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक डबी. पण जावईबापू तालमीतले, गंगावेशीत उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे. "मला काय झालंय?" हा त्यांचा सवाल आणि तोच त्यांचा रिपोर्ट. शेवटी सासरेच बोलले, "जाऊन ये की. तुझ्या बापाला दर तीन महिन्यांनी टोचतात, तो मेला काय?"

गेले. गल्लीत कळता कामा नये म्हणून दूरची लॅब शोधली. भाची सोबत होती म्हणून पुढचं समजलं. आत बाकावर तालमीतलाच दोस्त बसलेला, हातात तसलीच डबी. "शुगर बघाय आलोय," तो म्हणाला. "मी पण," हे म्हणाले. आणि नंबर लागेपर्यंत दोघं पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचवर तावातावानं भांडत राहिले.