वईचा एरंड वावरात

2002 च्या अखेरीस दिल्ली-अमृतसर शताब्दी थोडं बायोडिझेल मिसळून धावली. पुढच्याच वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी मोगली एरंडाखाली कोटभर हेक्टर जमीन आणायचा आराखडा मांडला आणि पोलादपूरच्या आमच्या वरकस जमिनीचं नशीब उघडलं, अशी माझी खात्री पटली. मी तेव्हा मुंबईत नोकरीला होतो. मुंबईत बसून गावची शेती फार सोपी दिसते.

रोपं विकणारा तर देवमाणूसच वाटला. ओळींत एरंड, मधल्या पट्ट्यात नाचणी. नाचणीने यंदाचं पोट भरायचं, एरंडाने पुढे वर्षानुवर्षं डिझेल द्यायचं. बी तोच विकत घेणार. शिवाय या झाडाला गुरं तोंड लावत नाहीत!

चुलत्यांनी रोपं उलटसुलट पाहिली. "अरे, हे तर वईचं, कुंपणाचं झाड. फांदी खुपसली तरी जगतं. याला तू पैसे मोजलेस?" मी त्यांना दोन मीटर बाय दोन मीटर, हेक्टरी 2500 झाडं, हे गणित समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

उतारावरची झाडं जगली. खाली पाणी साचलं तिथली मुळं कुजली. जगलेल्यांचं निराळंच नाटक. वीस-पंचवीस नरफुलांमागे एखादं मादीफूल, आणि एका घोसातली फळंही एकदम पिकणार नाहीत. एक पिवळं, एक काळं, एक हिरवंगार. म्हणजे त्याच झाडाकडे मजूर पुन्हा पुन्हा पाठवायचा. मजुरी आणि बियांची किंमत यांचा ताळा मी एकदाच मांडला, मग वही कुठे ठेवली ते विसरलो.

नाचणी मात्र फर्मास आली होती. ती रानडुकरांनी खाल्ली. एरंडाला तोंड न लावता, त्याच्याच गर्द आडोशाला दिवसा लोळून, रात्री अगदी सवडीने.

हाती आलेलं बी पोत्यात भरून घाण्यावर नेलं. घाणेवाल्याने पोत्यात हात घातला, बी ओळखलं आणि हात झटकला. "हे विषारी तेल माझ्या घाण्यात? उद्या शेंगदाण्याचं कोण घेईल?" विकत घेणाऱ्याचा फोन तर केव्हाच बंद झाला होता. एक लिटर तेलाला तीन-चार किलो बी लागतं. माझ्या पोत्यावर एसटी आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंतही पोचली नसती.

सरकारचंही फारसं वेगळं झालं नाही. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळायचं लक्ष्य होतं. 2018 च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य 2030 पर्यंत 5 टक्क्यांवर आलं. हे मी चुलत्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "त्यांची नाचणी पण डुकरांनी खाल्ली काय?"

तुमच्या बांधावर हे झाड असेल तर राहू द्या, वईला त्याच्यासारखं दुसरं नाही. फक्त पोरांना त्या बिया खाऊ देऊ नका. चवीला गोडसर लागतात, पण उलट्या-जुलाब सुरू होतात. खाल्ल्याच तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा.