उंदीरमारीच्या सावलीत

झाडाखाली नुसतं बसणं आपल्याकडे संशयास्पद मानतात. माणूस डोंगरावर गेला तर किल्ला बघायला, देवाला, करवंदं काढायला, गेलाबाजार वजन उतरवायला तरी गेला पाहिजे. ‘सकाळपासून होतात कुठे?’ याला ‘झाडांत’ असं उत्तर दिलं तर घरचे डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतील.

जपान्यांनी मात्र या बसण्याला १९८२ साली सरकारी इभ्रत मिळवून दिली. तिथल्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी ‘शिनरिन-योकु’, म्हणजे वनस्नान, असं नाव काढलं आणि लोकांना जंगलात बोलावलं. नागानो प्रांतातलं आकासावाचं जंगल हे या स्नानाचं माहेर. तिथे तीनशे वर्षांचे हिनोकी वृक्ष आहेत. ते टिकले ते कुणाच्या निसर्गप्रेमामुळे नव्हे. एदो काळात त्या किसो खोऱ्यात ‘एक झाड, एक मुंडकं’ असा रोखठोक हिशेब होता. वृक्षसंवर्धनाची इतकी सुटसुटीत योजना पुढे कुठल्याच सरकारला सुचली नाही.

नंतर डॉ. चिंग ली यांनी टोकिओतल्या नोकरदारांना तीन दिवस जंगलात फिरवलं आणि त्यांचं रक्त तपासलं. विषाणूंशी झुंजणाऱ्या ‘एनके’ पेशी तरतरीत झालेल्या. तेवढंच चालणं शहरात करवलं, तर पेशी ढिम्म! श्रेय गेलं फायटोनसाइडला, म्हणजे झाडं स्वतःच्या बचावासाठी हवेत सोडतात त्या द्रव्यांना. हॉटेलच्या खोलीत हिनोकीच्या तेलाची वाफ सोडूनही थोडाफार गुण आला म्हणे. हे सगळं डझनभर माणसांवर केलेलं, त्यामुळे लगेच बीपीची गोळी बंद करू नये. पण डोकं हलकं होतं, हे पटायला मला प्रयोगशाळा लागली नाही.

कारण आम्हीही वनस्नान केलं. मुलीने परस्पर पैसे भरले होते, आणि भरलेले पैसे फुकट घालवणं आमच्या रक्तात नाही. जंगल म्हणजे आपली पुण्याची वेताळ टेकडी. हिनोकीच्या जागी वनखात्याने लावलेली ग्लिरिसिडिया, आपली उंदीरमारी. जिच्या नावातच खून आहे तिच्या सावलीत मनःशांती मिळवायची होती.

मार्गदर्शक पोरगी गोड होती. ‘मोबाइल बंद, घड्याळ खिशात, आणि गोगलगायीसारखं चाला,’ म्हणाली. टेकडीवर हे भलतंच अवघड. मागून रोजचे फिरणारे ‘साइड, साइड’ करत येतात, ओळखीचे थांबून ‘पाय मुरगळला का?’ विचारतात. एकजण तर माझा दंड धरून मला खाली उतरवायलाच निघाला होता.

मग प्रत्येकाने आपापलं झाड निवडायचं होतं. मी एका सालईपाशी बसलो. तिची साल जुन्या सातबाऱ्याच्या कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत होती. खोडावर डिंकाचा एक मणी गोठला होता, त्यात एक मुंगी कायमची अडकलेली. दुसऱ्या मुंग्या तिला वळसा घालून मुकाट कामाला जात होत्या. नखाने डिंक खरवडला तर बोटाला धुपाचा वास. किती वेळ गेला कळलं नाही. घड्याळ खिशातच होतं, पण ते काढावंसं वाटलं नाही, आणि आमच्या घराण्यात ही घटना नोंद करण्याजोगी आहे. दरीच्या बाजूने मोर ओरडला तेव्हा भानावर आलो.

पलीकडे आमची ही झाडाशी बोलत होती. झाडाशी बोला, असं त्या पोरीने सांगितलं होतं खरं, पण हिने सुनेच्या विषयाला हात घातला होता. उतरताना चेहरा फारच प्रसन्न दिसला म्हणून विचारलं. म्हणाली, “अहो, पूर्ण ऐकून घेतलं त्याने. मध्येच ‘पण तिचंही बरोबर आहे’ नाही म्हणालं.” बाण कुणाला होता ते कळलं. फायटोनसाइडचा हा परिणाम जपान्यांनी अजून तपासलेला दिसत नाही.

शेवटी चहा. गवती चहाचा काढा, बिनसाखरेचा, चिमुकल्या कपांतून. त्यातला एक कप जंगलाचे आभार म्हणून झाडाच्या मुळाशी ओतायचा, अशी पद्धत आहे. पोरीने डोळे मिटले, कप कलता केला, सगळे गंभीर. तेवढ्यात ही म्हणाली, “अगं, आम्हाला बिनसाखरेचा दिलास ते ठीक. त्याला तरी चमचाभर घालायची होतीस, त्याला कुठे शुगर आहे?”