आमच्याकडे तर चालतंय! : नवशिक्यांसाठी फ्लॅग-मार्गदर्शन

अभिनंदन! इंटेलवर सुखाने नांदणारं आपलं सॉफ्टवेअर शुक्रवारपर्यंत एआरएमवरही चाललं पाहिजे, असं साहेबांनी ठरवलंय. ‘नुसतं रिकंपाइल तर करायचंय.’ घाबरू नका. खालच्या पायऱ्या गाळू नका, आणि कृपया मध्येच विचार करू नका.

१. मेकफाइल स्वतः लिहू नका. जुन्या प्रोजेक्टमधून उचला. त्यातले फ्लॅग कुणी आणि कशासाठी लावले, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. देव्हाऱ्यातला टाक कुठल्या पूर्वजाचा हे ठाऊक नाही, म्हणून कुणी तो काढून टाकतं का?

२. ‘-मार्च=नेटिव्ह’ लावा. मग जीसीसी हा कंपायलर ज्या मशीनवर बसलाय तिथलाच प्रोसेसर न्याहाळतो आणि त्याला येणाऱ्या सगळ्या करामती वापरतो. बिल्ड सर्व्हरला एव्हीएक्स-५१२ येत असेल तर सोन्याहून पिवळं. ग्राहकाकडे प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच बोलून प्राण सोडेल. त्यांना नवं मशीन घ्यायला सांगा. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत एव्हीएक्स-५१२ होतं. २०२१ च्या अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीत कंपनीने ते बंद केलं. म्हणजे जुनं मशीन विकून नवं घेणाऱ्याचाच प्रोग्राम कोसळण्याची सोय झाली. ग्राहकाचं दुःख समजून घ्या, तिकीट मात्र बंद करा.

३. आता एआरएम. ‘-एम६४’ दिलात की जीसीसी म्हणेल, असा ऑप्शन मी ऐकलेला नाही. ‘-एमएसएसई२’ लाही तेच उत्तर. इथे अनुभवी माणूस मेकफाइलमध्ये ‘युनेम -एम’ ची अट घालतो. ही कमांड बिल्ड चालू असलेल्या मशीनचं नाव सांगते, सॉफ्टवेअर जिथे जायचंय तिथलं नाही; त्यामुळे इंटेल लॅपटॉपवर बसून रास्पबेरी पायसाठी क्रॉस-कंपाइल करताना ती इमानदारीत ‘एक्स८६_६४’ म्हणते. ठीक आहे, पायवरच जाऊन बिल्ड करा. तिथे बऱ्याचदा कर्नल ६४ बिटांचा आणि वरचा सारा संसार ३२ बिटांचा असतो. युनेम म्हणेल ‘एआर्क६४’, कंपायलर म्हणेल मी नाही त्यातला. दोघेही खरं बोलतायत.

४. ‘-एमसीपीयू’ सढळ हाताने वापरा. एआरएमवर तो कुठल्या सूचना वापरायच्या आणि कुठल्या चिपसाठी कोड घासूनपुसून घ्यायचा, दोन्ही ठरवतो. इंटेलवर तो ‘-एमट्यून’ चं कालबाह्य टोपणनाव आहे. पॉवरपीसीवर त्याच्यावाचून पान हलत नाही, तिथे ‘-मार्च’ चालतच नाही. पुढची अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. नसेल तर तुम्ही या कामाला अगदी योग्य आहात.

५. चाचण्या पास झाल्या? मग सी भाषेतल्या ‘कॅर’ या टाइपकडे बघू नका. इंटेलवर तो उणे आकडा धरू शकतो, एआरएमच्या लिनक्सवर नाही. कुणीतरी ‘गेटकॅर’ चं उत्तर ‘कॅर’ मध्ये ठेवून ते ‘ईओएफ’ शी, म्हणजे उणे एकशी ताडून पाहिलेलं असतं. इंटेलवर फाइल संपते. एआरएमवर उणे एकचे २५५ होतात आणि लूप फिरतच राहतो. तुमच्या एआरएमच्या मॅकवर हे दिसणार नाही, कारण ॲपलने ‘कॅर’ ला उणे आकडे चालू ठेवले आहेत. दुरुस्ती म्हणजे त्या एका ओळीत ‘इंट’ लिहिणं. पण कोडला हात कशाला लावायचा? ‘-एफसाइन्ड-कॅर’ टाका, सगळ्या प्रोजेक्टला.

६. वेग कमी वाटला तर ‘-ओफास्ट’. यात आपण कंपायलरला शब्द देतो की आमच्या हिशोबात अनंत किंवा अर्थहीन आकडा कधी येणारच नाही. तो विश्वास ठेवतो आणि त्यासाठी तुम्ही लिहिलेल्या तपासण्या खुशाल काढून टाकतो. वॉर्निंग आल्याच तर ‘-डब्ल्यू’, छोट्या लिपीतला. मोठ्या लिपीतला चुकूनही नको, तो वॉर्निंग दाखवायला लावतो.

७. रिस्क-फाइव्हवर जुन्या जीसीसीत लिंकर ‘ॲटॉमिक’ नावाचं काहीतरी सापडत नाही म्हणून अडून बसेल. ‘-लॅटॉमिक’ जोडा, आणि ओळीच्या शेवटीच जोडा. सुरुवातीला जोडलात तर तोच एरर जसाच्या तसा परत येऊ शकतो आणि तुम्ही दुपारभर ‘-ओ३’ चा ‘-ओ२’ करून बघत बसाल.