आळसाचा पेला

उन्हाळ्यात पाहुण्यांना गार करायच्या नादात यजमानच घामाघूम होत असेल, तर दोष उन्हाचा नाही, पाककृतीचा आहे. मार्गारिटाचंच बघा. टकिला, संत्र्याचं मद्य आणि लिंबाचा रस मोजून शेकरमध्ये घाला, हात भरून येईपर्यंत हलवा, गाळा; शिवाय ग्लासाच्या काठाला आधी लिंबू फिरवून तो मिठात पालथा घाला. पहिल्या दोन ग्लासांचं कौतुक होतं. सहाव्यापर्यंत यजमान स्वयंपाकघरात आणि मैफल गच्चीवर अशी कायमची फाळणी झालेली असते. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात टकिला नावाचं गावच आहे, आणि त्या देशातली मंडळी सर्रास पितात तो पालोमा: टकिला, लिंबू, मीठ आणि वरून ग्रेपफ्रूटचा सोडा. संपलं. माझं म्हणणं असं, की हा निव्वळ कामचुकारपणा नाही. उन्हाळी पेयात यजमानाने हात जितका आखडता घ्यावा तितकं ते चांगलं होतं.

कारण कष्ट आधीच होऊन गेलेले असतात. टकिला ज्या निळ्या अगावेपासून होते, ती आपल्या बांधावरच्या घायपाताच्या भावकीतली. ती पिकायला साधारण 6 ते 8 वर्षं लागतात. मग हिमादोर म्हणून ओळखला जाणारा कामगार लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या हत्याराने तिची काटेरी पानं उडवतो. उरलेला भलामोठा गड्डा भाजायचा, चिरडायचा, रस आंबवायचा आणि निदान दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. एवढं रामायण घडून गेल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत रोझमेरीची काडी खोचून आपण काय मोठा तीर मारणार? बाटली मात्र नीट वाचून घ्यावी. तिच्यावर 100 टक्के अगावे असं छापलेलं नसेल, तर 51 टक्के साखर अगावेची असली तरी कायद्याचं समाधान होतं. बाकीची उसाची वगैरे चालते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि मग ती उणीव झाकायला माणूस पुन्हा रोझमेरीकडे वळतो.

कृतीत विचार करण्याजोग्या गोष्टी दोनच, मीठ आणि बर्फ. उंच ग्लासात अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून ते विरघळू द्यावं, 60 मिली टकिला ओतावी, काठोकाठ बर्फ भरावा आणि वरून सोडा. चमचा एकदाच फिरवायचा, नाहीतर सोड्याचा जीव जातो. मीठ काठावर न लावता आत घालायचं, याला कारण आहे. ग्रेपफ्रूटला कडवटपणा असतो आणि मीठ कडूपणा दाबतं, हे 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलेलं आहे. लिंबाच्या सरबतात मीठ टाकणाऱ्या आपल्या आज्यांना तोवर थांबायला सवड नव्हती. बर्फाचा वाद जास्त चिवट. ‘बर्फ कमी घाला हो, नुसतं पाणी होतं’ असं म्हणणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक मैफलीत असतो. खरं तर उलट आहे. दोन खडे टाकले, की पेय गार करता करता ते स्वतःच संपतात, आणि मागे राहतं कोमट पाणचट काहीतरी. भरलेल्या ग्लासातला बर्फ एकमेकांच्या आधाराने टिकतो. कंजुषी करायचीच तर सोड्यात करावी.

आता आक्षेप. बाटलीतला गोड सोडा कशाला, ताजा रस काढा की! जरूर काढा. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून बार्बाडोसमध्ये जन्मलेलं फळ, त्यामुळे कोकणातलं पपनस हे त्याचं थेट वडीलधारं माणूस. पण पपनसाची बोटभर जाड साल, खालचा पांढरा कापूस आणि प्रत्येक फोडीवरची कडू पापडी काढून झाली, की उन्हाळा संपत आलेला असतो. (ग्रेपफ्रूटचा रस कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी भांडतो, तेव्हा आमच्या वयाच्या मंडळींनी आधी डॉक्टरांना विचारावं.) दुसरा आक्षेप, की याला कॉकटेल म्हणायचंच कसं? टकिला गावातल्या ‘ला कापिया’ बारचे डॉन हाविएर देल्गादो कोरोना यांची बातांगा पाहायला आणि प्यायला जगभरातून लोक जात. त्यात टकिला, लिंबू, मीठ आणि कोला; आणि ढवळायला साधी सुरी, ज्या सुरीने लिंबू चिरलं तीच. चमचा विसळायचं कामही वाचलं.

दारूने थंडावा येत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. ती अंगातलं पाणी बाहेर काढते. तेव्हा ऊन कललं की एक ग्लास, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि भर दुपारी कोकम सरबतच. पण पालोमाच्या बाजूने सर्वात भक्कम साक्ष गोव्याची आहे. काजूच्या हंगामात तिथे उर्राक निघतो आणि लोक तो लिम्का, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. हालिस्को आणि गोवा यांनी बैठक घेऊन काही हे ठरवलेलं नाही. दोन उष्ण मुलखांतली आळशी माणसं आपापल्या वाटेने एकाच ग्लासाशी पोचली. मिरची पालोमातही चालते का, असं कोणी विचारलंच तर चालते. चिरायची मात्र विचारणाऱ्याने.