टॉपस्पिन विकत घेण्याचा विधी

टॉपस्पिन मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गुडघ्यातून, कमरेतून आणि खांद्यातून जातो. त्याला चार-पाच वर्षं लागतात आणि रोज पहाटे उठावं लागतं. दुसरा खेळाच्या सामानाच्या दुकानातून जातो आणि गटिंगवाला मोकळा असेल तर तासाभरात संपतो. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या मार्गाच्या साधकांसाठी आहे. पहिल्या मार्गावरच्यांना असलं काही वाचायला वेळ नसतो.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी साधकाने एक समजूत चपलांसोबत बाहेर काढून ठेवावी. ती अशी, की तार जितकी खरखरीत तितका स्पिन जास्त. समजूत दिसायला मोठी शहाणी आहे आणि तिच्या जिवावर पाकिटांवर ‘रफ’, ‘स्पिन’ असले शब्द ठळक टायपात छापले जातात. पण चेंडूवरची लोकर तारांना तशीही पकडतेच. पकडीची टंचाई तिथे नसते. खरं नाट्य घडतं ते तारा एकमेकींना घासतात तिथे, आणि तिथे घर्षण जितकं कमी तितकं बरं. कॅरम बोर्डावर पावडर भुरभुरवणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. टेनिसवाल्यांना मात्र कळायला बराच काळ गेला.

चेंडू तारांवर असतो तो जेमतेम चार-पाच मिलिसेकंद. तेवढ्यात काय काय उरकतं ते पाहावं. रॅकेट खालून वर येत असते, त्यामुळे चेंडू तारांवर खालच्या बाजूला घसटतो आणि जाताना उभ्या तारांना सोबत ओढून नेतो. (उभ्या म्हणजे मुठीकडून टोकाकडे जाणाऱ्या. फोरहँड मारताना रॅकेटच आडवी असते, म्हणून त्या आडव्या दिसतात. साधकाने गोंधळून जाऊ नये. गटिंगवाल्याचंही पहिल्या दिवशी असंच झालं असणार.) ओढल्या गेलेल्या या तारा आडव्या तारांवरून घसरत पुन्हा जागेवर झेपावतात. चेंडू सुटायच्या आत त्या परतल्या, तर जाता जाता त्याच्या पाठीला वरच्या दिशेने एक टपली देतात. या परतण्याला स्नॅपबॅक म्हणतात आणि विकत मिळणारा स्पिन तो एवढाच. तारांमध्ये घर्षण जास्त असेल, तर त्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवलेल्या सरकारी फायलीसारख्या गेल्या तिथेच बसून राहतात.

खात्री करायला प्रयोगशाळा नको. क्लबातली जुनी नायलॉनची रॅकेट घ्यावी, मधली एक उभी तार बोटाने बाजूला ढकलावी आणि सोडावी. ती वाकडीच राहते. मग शेजारच्या उत्साही मुलाची नवी पॉलिएस्टर गटिंगची रॅकेट मागून घ्यावी आणि तेच करावं. ‘टक्’ असा आवाज होतो आणि तार जागेवर. जुन्या सामन्यांच्या चित्रफितींमध्ये खेळाडू दोन गुणांच्या मध्ये तारा बोटांनी सरळ करत उभे दिसतात, ते चिंतन नव्हे. ती डागडुजी होती. पॉली वापरणाऱ्यांना तिची गरज नसते, तरीही काही जण करतात. सर्व्हिसपूर्वी चेंडू सात वेळा आपटण्याच्या कर्मकांडात तेही बसून गेलं आहे.

या विद्येचा आद्यपुरुष टेनिसपटू नव्हताच. वर्नर फिशर हा जर्मनीतला बागकामाच्या व्यवसायातला माणूस. त्याने १९७० च्या दशकात अशी रॅकेट बनवली, की तीत उभ्या तारांचे दोन थर होते, आडव्या तारा त्यांच्या मधून जात आणि विणकाम नावालाही नव्हतं. वर प्लॅस्टिकच्या नळ्या वगैरे जोडकाम. विणलेल्याच नसल्याने उभ्या तारा वाटेल तशा सरकत आणि वाटेल तशा परतत. हे प्रकरण स्पॅगेटी रॅकेट म्हणून गाजलं. आपल्याकडे तिला शेवयांची रॅकेट म्हणता आलं असतं, पण नामकरणाच्या वेळी कोणी हजर नव्हतं.

१९७७ च्या अमेरिकन ओपनमध्ये माइक फिशबॅक नावाच्या, क्रमवारीत खोल तळाशी असलेल्या अमेरिकन खेळाडूने अशाच घरगुती रॅकेटने स्टॅन स्मिथला हरवलं. स्मिथ विम्बल्डनचा माजी विजेता. पुढच्या काही आठवड्यांत इली नास्तासे पॅरिसला असल्याच रॅकेटपुढे हरला आणि भयंकर चिडला. चिडलेल्या माणसाने काय करावं, याचा नास्तासेने वस्तुपाठ घालून दिला: पुढच्याच स्पर्धेत तो स्वतः ती रॅकेट घेऊन उतरला. एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या त्या अंतिम सामन्यात समोर होता सलग ४६ सामने जिंकत आलेला गिलेर्मो विलास. ६-१, ७-५ असे दोन सेट गेल्यावर विलास सामना सोडून चालता झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाने तात्पुरती बंदी घातली आणि १९७८ मध्ये नियमच केला, की तारा आलटून पालटून विणलेल्या किंवा छेदाच्या जागी जोडलेल्या हव्यात. म्हणजे तारा किती मोकळ्या सरकाव्यात याचा कायदा करावा लागला. एरवी त्या विषयाकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

कायद्याला पळवाट सापडायला १९ वर्षं लागली. १९९७ मध्ये क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन फ्रेंच ओपन जिंकला, वाटेत मुस्टर, काफेल्निकोव्ह आणि ब्रुगेरा अशा तीन माजी विजेत्यांना लोळवून. त्याच्या रॅकेटमध्ये लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टर तार होती. ती नियमाप्रमाणे व्यवस्थित विणलेली होती, पण कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे विणूनही सरकत होती. अगासीने २००२ मध्ये तीच वाट धरली आणि बत्तिसाव्या वर्षी रोमची स्पर्धा जिंकली.

जॉन यँडेल यांनी हाय-स्पीड चित्रीकरणावरून फोरहँडचे फेरे मोजले आहेत. सॅम्प्रस आणि अगासीच्या काळात मिनिटाला सुमारे १८०० ते १९००, फेडररचे २७००, नदालचे ३२००. हे वाचून साधकाचा हात आपोआप नदालच्या काळ्या, अष्टकोनी तारेकडे जातो. ती तार जरूर पाहावी. तिला कोन आहेत आणि वर सिलिकॉनचा गुळगुळीत थरही आहे, म्हणजे कंपनीनेही दोन्ही दगडांवर पाय ठेवला आहे. मात्र नदालचा दंड रिळावर मिळत नाही. ताठ पॉली तारांना जागचं हलवायला रॅकेटचा वेग लागतो. रविवारी सकाळी दुहेरी खेळून नंतर मिसळ खाणाऱ्या साधकाच्या फटक्याने त्या हलतच नाहीत. हलतो तो कोपर, आणि दोन महिन्यांत डॉक्टर ‘टेनिस एल्बो’ असं लिहून देतात.

अशा साधकाने मऊ मल्टिफिलामेंट घ्यावी आणि स्पिनचा विचार पहिल्या मार्गाने करावा. पैसा असेल तर फेडररचा उपाय आहे: उभी तात, आडवी पॉली. गुळगुळीत पॉलीवरून तात झकास घसरते आणि लवचिक असल्याने उसळीने परतते. ही तात गाईच्या आतड्याची असते, तेव्हा सोवळ्यातल्या घरी रॅकेट देवघराजवळ टांगू नये.

ताणाविषयी क्लबमध्ये तासन् तास चर्चा चालते. ती चालू द्यावी. बोर्ग जवळपास ८० पौंडांवर तात ताणून घेई आणि रात्री खोलीत तारा आपोआप तुटल्याचे आवाज येत. आजचे बहुतेक पॉलीवाले ५० च्या आसपास असतात. ताण बदलला की चेंडूची लांबी आणि हाताला बसणारा झटका बदलतो. स्पिनमध्ये मात्र त्या मानाने फारसा फरक पडत नाही.

आता देखभाल. खेळून खेळून उभ्या-आडव्या तारा छेदतात तिथे खाचा पडतात. तारा त्यांत अडकतात, घर्षण वाढतं आणि टपली बंद होते. जपानचे योशिहिको कावाझोए यांनी नव्या, वापरलेल्या आणि वापरून मग वंगण लावलेल्या तारांची तुलना हाय-स्पीड व्हिडिओने केली, तेव्हा वंगणाने वापरलेल्या तारांचा हरवलेला स्पिन परत आलेला दिसला. हे वाचून साधकाने खोबरेलाची बाटली क्लबात नेऊ नये. तेल आधी चेंडूला आणि मग समोरच्याच्या पांढऱ्या शर्टाला लागेल.

पॉली सहसा तुटत नाही, हाच तिचा दोष. न तुटलेली तार चांगली असं धरून साधक ती वर्षभर वापरतो, तर तिची उसळी साधारण पंधरा-वीस तासांच्या खेळातच गेलेली असते. मग ती कापावी. कापताना मध्यापासून सुरुवात करावी, एक उभी, एक आडवी, असं बाहेर सरकत जावं. एकाच बाजूने कापत गेल्यास उरलेल्या तारांचा ताण एकीकडे येतो आणि रॅकेटची चौकट वाकते.