पंचविशीतच अनुभवी उद्योजक कसे व्हावे

धंद्याचे अनुभव धंदा सुरू होण्याआधीच सांगून टाकावेत. नंतर धंदा बुडाला तर सांगायला तोंड राहत नाही आणि चालला तर सवड. लिंक्डइनवर नावाखाली ‘संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी’ असे लिहावे. दोन्ही पदे बिनपगारी असल्याने खर्च वाढत नाही.

कागदपत्रांना घाबरू नये. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते. विसापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर महाराष्ट्रात दुकाने कायद्याखाली नुसती सूचना दिली की भागते. सरकार असे पटकन पटते. वडील पटत नाहीत. त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला द्यावा. त्यांनीही मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिकवण्याची नोकरी सोडली होती. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी त्यांचे नांगर सुरुवातीला कोणी घेईना. यावर वडील विचारतील, “त्यांनी नांगर तरी बनवला होता. तू काय बनवलंस?” अशा वेळी लोगो दाखवू नये.

भागीदार शक्यतो मित्र नसावा. असलाच, आणि तो “आपल्यात कसला आलाय कागद?” असे म्हणाला, तर त्याच दिवशी शंभर नव्हे, पाचशेचा स्टॅम्प पेपर आणावा.

आता मुख्य विषय, उधारी. बाकी सारे व्यवस्थापनशास्त्र हिच्यापुढे गणपतीपुढच्या आरासीसारखे आहे. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. हा कायदा तोंडपाठ करावा आणि गिऱ्हाइकासमोर कधीही म्हणू नये. व्याज मागणाऱ्याला मुद्दल मिळेलही, पुढची ऑर्डर मिळत नाही.

दरम्यान जीएसटी मात्र वेळेवर भरावा. तो मालाच्या बिलावर लागतो, पैसे हातात पडण्याची वाट बघत नाही. त्यामुळे जे पैसे आपण अजून पाहिलेले नाहीत, त्यांवरचा कर भरण्याचे भाग्य लाभते. सीएंना याचे वाईट वाटत नाही.

वसुलीची वेळ जपून निवडावी. सकाळी जाऊ नये, बोहनी व्हायची असते. दिवेलागणीला जाऊ नये, त्या वेळी घरातली लक्ष्मी बाहेर देत नाहीत. मंगळवार, शुक्रवार आणि अमावास्या टाळावी. उरलेल्या दुपारी शेठ जेवायला गेलेले असतात. ते भेटलेच तर “सही तेवढी राहिलीय”, “बिलावर पीओ नंबर नाही”, “पुढच्या पार्टीचं पेमेंट आलं की लगेच” ही वाक्ये शांतपणे ऐकावीत, चहा घ्यावा, आणि उठण्याआधी पुढची तारीख त्यांच्याच तोंडून वदवून त्यांच्यादेखत डायरीत लिहावी. नात्यातल्या गिऱ्हाइकाकडे डायरी काढू नये. आत्याने मसाल्याची चार पाकिटे “घरचंच आहे” म्हणून नेली, की ती जाहिरात खर्चात टाकावीत.

शेठची ही सगळी वाक्ये घरी येऊन नीट उतरवून ठेवावीत. महिनाअखेरीस आपल्याला खोकी पुरवणाऱ्याचा पैशांसाठी फोन येतो, तेव्हा ती लागतात. काहीच सुचले नाही तर “मार्च एंडिंग चाललंय” म्हणावे. ऑगस्टमध्येही चालते.